एका यंत्राचे दोन घसारे: नोंदवहीपासून गुंतवणुकीच्या निर्णयापर्यंतचा हिशेब कसा मांडावा

लहान कारखान्यांच्या हिशेबात सर्वाधिक घोळ स्थिर मालमत्तेच्या खात्यांवर होतो, आणि तो आकडेमोड अवघड आहे म्हणून होत नाही. एकाच यंत्राचा घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटलेली धरायची किंमत, कंपनी कायद्यानुसार एक निघतो आणि आयकर कायद्यानुसार दुसरा. नवे यंत्र घ्यावे की नाही हे ठरवताना यांपैकी कोणता आकडा कुठे धरायचा, हे मालकाला कोणी नीट सांगत नाही. मग यंत्रविक्रेत्याच्या प्रतिनिधीने दिलेल्या एक्सेलच्या फाइलवर विश्वास टाकला जातो किंवा बँकेसाठी केलेला प्रोजेक्ट रिपोर्टच निर्णयाचा आधार मानला जातो. बँकेला कर्ज वेळेवर फिटेल का एवढेच पाहायचे असते. यंत्र घेतल्याने मालकाची संपत्ती वाढेल का, हा प्रश्न त्या कागदांत विचारलेलाच नसतो.

पुढील विवेचन भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतीतील एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. टॅलीत खाती उघडणे, नावे-जमा समजणे आणि बिले फाइलला लावणे हे वाचकाला येते असे गृहीत धरले आहे. उदाहरण एकच, शेवटपर्यंत तेच: ३०,००,००० रुपयांचे सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे लेथ.

## किंमत ठरवा

यंत्राची किंमत म्हणजे केवळ बिलाची रक्कम नव्हे. यंत्र ठरलेल्या जागी ठरलेले काम करू लागेपर्यंत जो खर्च अपरिहार्यपणे होतो, तो सगळा तिच्यात येतो. आपल्या उदाहरणात यंत्र ३०,००,०००, वाहतूक आणि वाटेवरचा विमा ५५,०००, काँक्रीटचा पाया ८५,००० आणि उभारणी व चाचणी ६०,०००, असे मिळून ३२,००,००० रुपये होतात. ऑपरेटरचे प्रशिक्षण, पूजेचा खर्च आणि यंत्र सुरू झाल्यानंतर सुरुवातीला झालेले नुकसान यांत धरू नये. ते त्या वर्षीच्या नफा-तोट्यात जातात.

यंत्रावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,४०,००० रुपये, इनपुट क्रेडिट (विक्रीवरच्या जीएसटीतून मिळणारी वजावट) म्हणून घेणार असाल तर किमतीत मिळवू नका. कराच्या ज्या रकमेवर घसारा घेतला, तिचे क्रेडिट जीएसटी कायदा देत नाही. दोन्हीकडून लाभ घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

आणखी एक बाब अनेक जण हलक्यात घेतात. मालमत्तेसाठी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर आयकरात ती रक्कम त्या मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही. पायाचे काम करणाऱ्या गवंड्याला रोख हवी असते आणि मालक ती सहज देऊन टाकतो. नंतर तेवढ्या रकमेवरचा घसारा कायमचा जातो. पैसे बँकेतूनच द्यावेत. यंत्रासाठी म्हणून सरकारी अनुदान मिळाले, तर तेही किमतीतून वजा करावे लागते.

## नोंदवही आणि यंत्रावरची खूण

प्रत्येक मालमत्तेला एक ओळ. तिच्यात वर्णन, निर्मात्याचा अनुक्रमांक, जागा, बिलाची तारीख, वापरात आल्याची तारीख, किंमत, ठरवलेले आयुष्य, अवशिष्ट मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) आणि आयकराचा गट (तो पुढे येतो). ज्या कंपन्यांना ही अट लागू आहे त्यांच्या लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात संख्या आणि जागेसह नोंदी ठेवल्या आहेत का आणि प्रत्यक्ष पडताळणी झाली का, यावर मत द्यावे लागते; त्यामुळे ‘यंत्रसामग्री, एकूण’ अशी एकच रक्कम लिहून भागत नाही.

यंत्रावर क्रमांकाचा स्टिकर चिकटवू नका. कूलंट आणि तेल यांच्यापुढे तो वर्षभरही टिकत नाही, आणि पडताळणीच्या दिवशी शॉपफ्लोअरवर एकसारखी दिसणारी चार लेथ असली की कोणते यंत्र कोणत्या ओळीतले, हे कोणालाच सांगता येत नाही. ॲल्युमिनियमची छोटी पट्टी ठोक्याने अंक उमटवून, कंट्रोल पॅनेलच्या बाजूला रिव्हेटने बसवावी. निर्मात्याची पाटी बहुधा यंत्राच्या मागच्या अंगाला असते; तिचा फोटो यंत्र आले त्याच दिवशी काढून ठेवावा, कारण पुढे यंत्र भिंतीला लागले की ती दिसत नाही.

भूखंडाबद्दल थोडे. एमआयडीसीचा भूखंड साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, म्हणून त्यापोटी भरलेली रक्कम पुस्तकांत पट्ट्याच्या मुदतीत विभागून लिहिली जाते. पूर्ण मालकीच्या जमिनीवर मात्र घसारा नाही, ना पुस्तकांत ना आयकरात. शेडची किंमत आणि जमिनीची किंमत एकाच खात्यात टाकलेली असेल तर आजच वेगळी करा.

## पुस्तकांतला घसारा

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य दिले आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ वर्षे, कारखान्याची इमारत ३० वर्षे, फर्निचर १० वर्षे, कार्यालयीन उपकरणे ५ वर्षे, संगणक ३ वर्षे, सर्व्हर ६ वर्षे. अवशिष्ट मूल्य सहसा मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक धरत नाहीत. सरळ रेषा पद्धतीने आपल्या यंत्राचा वर्षाचा घसारा ३२,००,००० च्या ९५ टक्क्यांना १५ ने भागून २,०२,६६७ रुपये येतो. पहिल्या वर्षी तो यंत्र वापरासाठी सज्ज झाल्याच्या दिवसापासून, दिवसांच्या प्रमाणात लावावा.

दोन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्राला जेवढा काळ दुसरी पाळी चालली तेवढ्या काळासाठी ५० टक्के अधिक घसारा लागतो आणि तीन पाळ्यांसाठी १०० टक्के अधिक. वर्षभर दोन पाळ्या चालल्या तर आपला आकडा ३,०४,००० होतो. बहुतेक लहान कंपन्या ही तरतूद विसरतात आणि यंत्राची पुस्तकी किंमत वर्षानुवर्षे फुगलेली राहते. पाळ्यांची नोंद उत्पादन विभागाकडून दरमहा मागवून घ्यावी. वर्षअखेरीला ती आठवणीतून लिहिता येत नाही.

## आयकराचा घसारा

इथे पद्धत पूर्णपणे बदलते. आयकरात एकेका यंत्राला स्वतंत्र अस्तित्व उरत नाही. समान दराच्या मालमत्ता एका गटात, म्हणजे ब्लॉकमध्ये, मिसळतात आणि घसारा त्या गटाच्या घटत्या शिलकेवर निघतो. सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ टक्के, कारखाना आणि कार्यालयाच्या इमारती १० टक्के, फर्निचर १० टक्के, संगणक आणि त्यांचे सॉफ्टवेअर ४० टक्के, पेटंटसारखी अमूर्त मालमत्ता २५ टक्के. पवनचक्की आणि सौर संचांना एके काळी ८० टक्के दर मिळत असे आणि साताऱ्याच्या पठारावर उभ्या राहिलेल्या कित्येक पवनचक्क्यांमागचे आर्थिक गणित अशाच चढ्या दराचे होते. आता तो दर ४० टक्के आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. गटाची कल्पना मात्र तीच आहे.

यंत्र घेतले त्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ३ ऑक्टोबरपर्यंत, लीप वर्षात ४ ऑक्टोबरपर्यंत, यंत्र वापरात आले तर पूर्ण दर लागू होतो. ही तारीख बिलाची नव्हे, वापराची आहे, आणि ती सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर असते. म्हणून उभारणी पूर्ण झाल्याचा सही-शिक्क्याचा अहवाल, पहिल्या जॉबचे जॉब कार्ड आणि त्या मालाचे पहिले विक्री बिल एकत्र ठेवावे.

भागीदारी संस्था उत्पादन करत असेल तर नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळू शकतो. ज्या कंपनीने २२ टक्क्यांच्या सवलतीच्या कराचा मार्ग निवडला आहे तिला तो मिळत नाही. आपल्या उदाहरणातली कंपनी याच मार्गावर आहे. अधिभार आणि उपकर धरून तिचा कर २५.१६८ टक्के पडतो.

घसारा मागायचा की नाही, हा पर्याय उरलेला नाही. तोट्याच्या वर्षी घसारा ‘राखून ठेवण्याचा’ सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. तुम्ही मागा अथवा न मागा, गटाच्या शिलकेतून तो वजा होतोच. नफा अपुरा असेल तर न सामावलेला घसारा पुढच्या वर्षांत ओढता येतो आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही.

## गुंतवणुकीचे मूल्यमापन: जिथे सगळे अडते

आता खरा अवघड टप्पा. मलाही सर्वाधिक काळ यानेच अडवून ठेवले होते. पाठ्यपुस्तकात एकच यंत्र असते, एकच घसारा असतो आणि शेवटी विक्रीवर नफा किंवा तोटा निघतो. भारतीय आयकराची गटपद्धत या तिन्ही गोष्टी मोडून टाकते. म्हणून इथे घाई करू नये.

प्रथम एक गोष्ट पक्की करा. घसारा म्हणून एकही रुपया कारखान्याबाहेर जात नाही. पैसा गेला तो यंत्र घेतले त्या दिवशी. पुढची सगळी वर्षे घसारा फक्त एकच रोख परिणाम घडवतो: करपात्र नफा कमी करून कर वाचवतो. म्हणून मूल्यमापनात पुस्तकांतल्या घसाऱ्याला जागाच नाही आणि आयकराच्या घसाऱ्याला जागा आहे ती त्याच्या पूर्ण रकमेने नव्हे, तर त्यातून वाचणाऱ्या कराच्या रकमेने. ‘यंत्राच्या किमतीला आयुष्याने भागा, म्हणजे वर्षाचा खर्च कळेल’ असे सांगणारे लोक यंत्राची किंमत दोनदा मोजायला लावतात, एकदा सुरुवातीला आणि पुन्हा दरवर्षी हप्त्याहप्त्याने.

आपल्या कंपनीला पूर्वी बाहेरून करून घ्यावे लागणारे टर्निंग आता घरात होईल. बाहेरच्या जॉबवर्कचे वाचणारे पैसे घ्या, त्यातून ऑपरेटरचा पगार, वीज, इन्सर्ट (धातू कापणारी, झिजली की बदलायची टोके) आणि देखभाल वजा करा. उरणारी रक्कम वर्षाला ९,००,००० रुपये धरू. इथे केवळ यंत्रामुळे बदलणारे पैसे धरायचे. शेडचे भाडे आणि हिशेबनिसाचा पगार यंत्र आले नाही तरी जाणारच आहेत, त्यामुळे त्यांचा वाटा या यंत्रावर टाकू नये. कच्चा माल आणि अर्धवट झालेले काम यांत २,००,००० रुपये खेळते भांडवल जास्तीचे अडकेल आणि शेवटी सुटेल. सुरुवातीला जाणारी रक्कम म्हणून ३४,००,००० रुपये. जीएसटीचे ५,४०,००० क्रेडिटच्या रूपाने लवकर वळते होतील असे धरले आहे. तुमचे क्रेडिट महिनोन्महिने पडून राहत असेल तर तेही अडकलेले भांडवल समजून मांडा.

९,००,००० वर घसारा विचारात न घेता कर २,२६,५१२ रुपये, म्हणून करोत्तर ६,७३,४८८. यात दरवर्षी घसाऱ्यामुळे वाचणारा कर मिळवायचा. यंत्र वर्षाच्या पूर्वार्धात सुरू झाले असे धरून आकडे असे येतात:

पहिले वर्ष: घसारा ४,८०,०००, वाचणारा कर १,२०,८०६, एकूण रोकड ७,९४,२९४.
दुसरे वर्ष: घसारा ४,०८,०००, वाचणारा कर १,०२,६८५, एकूण रोकड ७,७६,१७३.
तिसरे वर्ष: घसारा ३,४६,८००, वाचणारा कर ८७,२८३, एकूण रोकड ७,६०,७७१.
चौथे वर्ष: घसारा २,९४,७८०, वाचणारा कर ७४,१९०, एकूण रोकड ७,४७,६७८.
पाचवे वर्ष: घसारा २,५०,५६३, वाचणारा कर ६३,०६२, एकूण रोकड ७,३६,५५०.

पाच वर्षांनंतर गटात या यंत्राची शिल्लक १४,१९,८५७ रुपये उरते. सहाव्या वर्षाच्या आरंभी, एप्रिलमध्ये, यंत्र १२,००,००० रुपयांना विकले असे समजा. सर्वाधिक चुका याच जागी होतात.

पाठ्यपुस्तक म्हणेल की २,१९,८५७ रुपयांचा तोटा झाला, त्यावर २५.१६८ टक्क्यांनी ५५,३३४ रुपये कर वाचला, ते पाचव्या वर्षात मिळवा. असे होत नाही. कारखान्यात त्याच गटातली इतर यंत्रे असतील तर विक्रीची रक्कम गटाच्या शिलकेतून वजा होते आणि बस्स. नफा नाही, तोटा नाही. उरलेले २,१९,८५७ रुपये गटातच राहतात आणि यंत्र दुसऱ्याच्या शेडमध्ये चालत असतानाही त्यांच्यावर तुम्हाला दरवर्षी १५ टक्के घसारा मिळत राहतो. गटातले हे एकमेव यंत्र असेल, तर गट संपतो आणि उरलेली रक्कम अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरते. तो तोटा फक्त भांडवली नफ्यातून वजा करता येतो, धंद्याच्या नफ्यातून नाही. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी पाठ्यपुस्तकातले ५५,३३४ रुपये त्या वर्षी हातात येत नाहीत. उलट विक्रीची रक्कम गटाच्या सगळ्या शिलकेहून अधिक असेल, तर वरचा भाग अल्पमुदतीचा भांडवली नफा म्हणून त्याच वर्षी करपात्र होतो.

गटात उरलेल्या रकमेवरची भावी करबचत आजच्या किमतीत आणण्याची एक सोपी रीत आहे: उरलेली रक्कम गुणिले घसाऱ्याचा दर गुणिले कराचा दर, आणि या गुणाकाराला घसाऱ्याचा दर अधिक वर्तावळ्याचा दर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्यासाठी लावायचा वार्षिक दर) यांच्या बेरजेने भागा. वर्तावळा १३ टक्के धरला तर २,१९,८५७ × ०.१५ × ०.२५१६८ ÷ ०.२८, म्हणजे सुमारे २९,६४३ रुपये. पाचव्या वर्षाच्या शेवटी मिळवायचा आकडा हा आहे.

विक्रीच्या तारखेवरही लक्ष ठेवा. हेच यंत्र मार्चअखेर विकले, तर १२,००,००० रुपये पाचव्या वर्षाच्या घसाऱ्याच्या आधीच गटातून वजा होतील आणि त्या वर्षी या यंत्रापोटी घसारा २,५०,५६३ ऐवजी ७०,५६३ रुपये मिळेल. त्या वर्षीचा कर ४५,३०२ रुपयांनी वाढेल. ती बचत बुडत नाही, पण पुढच्या अनेक वर्षांवर पसरते. खरेदीदार तयार असेल तर काही दिवसांसाठी व्यवहार एप्रिलवर ढकलणे बहुतेक वेळा श्रेयस्कर असते.

वर्तावळ्याचा दर कसा ठरवायचा, यावरही चुकीचे सल्ले पुष्कळ मिळतात. कर्जाचा व्याजदर तोच वर्तावळ्याचा दर असे मानू नका. मालकाचा पैसाही गुंतलेला आहे आणि तो कर्जापेक्षा महाग आहे, कारण धोका त्याच्यावर आहे. समजा ६० टक्के पैसा १०.५ टक्के व्याजाने आला. कर वाचल्यानंतर ते व्याज ७.८६ टक्के पडते. उरलेल्या ४० टक्क्यांवर मालकाला २० टक्के अपेक्षित आहेत. सरासरी १२.७ येते, म्हणून १३ धरले. आणि एकदा हा दर लावला की व्याज आणि कर्जाचे हप्ते रोकडप्रवाहातून पुन्हा वजा करायचे नाहीत, कारण व्याजाची किंमत दरातच शिरलेली आहे. बँकेच्या रिपोर्टमध्ये व्याज वजा केलेले असते आणि तिथे ते बरोबरही असते. ती ओळ तशीच उचलून इथे आणली की चांगला प्रकल्पही तोट्याचा दिसतो.

आता सगळे एकत्र करा. पाचव्या वर्षाच्या ७,३६,५५० मध्ये विक्रीचे १२,००,०००, खेळत्या भांडवलाचे २,००,००० आणि गटातल्या शिलकेचे २९,६४३ मिळवून २१,६६,१९३. पाचही वर्षांच्या रकमांना १३ टक्क्यांच्या घटकांनी, म्हणजे ०.८८५०, ०.७८३१, ०.६९३१, ०.६१३३ आणि ०.५४२८ यांनी गुणले, की वर्तमान मूल्ये, म्हणजे त्यांच्या आजच्या किमती, अनुक्रमे ७,०२,९१५, ६,०७,८५७, ५,२७,२५२, ४,५८,५६५ आणि ११,७५,७२३ येतात. मी घटक अधिक दशांशांपर्यंत धरले आहेत, त्यामुळे तुमच्या आकड्यांत शे-दोनशेचा फरक पडेल. बेरीज ३४,७२,३१२. त्यातून ३४,००,००० वजा करता निव्वळ वर्तमान मूल्य ७२,३१२ रुपये उरते. यंत्र घ्यावे, पण जेमतेम.

हेच उदाहरण चुकीच्या रीतीने मांडून पाहा. ९,००,००० मधून पुस्तकी घसारा २,०२,६६७ वजा केला, त्यावर कर काढला आणि उरलेले ५,२१,८२८ हा रोकडप्रवाह समजला, तर शेवटची विक्री आणि खेळते भांडवल मिळवूनही निव्वळ वर्तमान मूल्य उणे आठ लाखांच्या पुढे जाते. या एका चुकीने कारखाने घ्यायला हवी ती यंत्रे घेत नाहीत आणि वर्षानुवर्षे बाहेरच्या जॉबवर्कचे पैसे मोजत राहतात. याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण दोष धंद्याचा नसतो, मांडणीचा असतो.

१८० दिवसांच्या नियमाचा परिणामही इथेच दिसतो. बाकी सारे तसेच ठेवून यंत्र सप्टेंबरअखेरऐवजी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले असे धरले, तर पहिल्या वर्षीची करबचत ६०,४०३ रुपयांनी घटते. तिचा काही भाग पुढच्या वर्षांत परत येतो, तरीही निव्वळ वर्तमान मूल्य ७२,३१२ वरून सुमारे ४७,५०० वर येते. पाया वेळेत वाळला नाही किंवा जादा वीजभार मंजूर होऊन आला नाही, म्हणून प्रकल्पाच्या फायद्याचा एक तृतीयांश भाग जातो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र मागवताना पायाचे काम आणि वीजजोडणीचा अर्ज त्याआधी झालेला असावा.

## निकाल किती टिकाऊ आहे ते तपासा

एकच आकडा काढून थांबू नका. वार्षिक बचतीत एक रुपया कमी झाला की निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २ रुपये ६३ पैशांनी घटते. म्हणजे ९,००,००० ऐवजी ८,७२,५०० रुपये बचत झाली की फायदा शून्यावर येतो. ही तूट केवळ तीन टक्क्यांची आहे. इन्सर्टचा खर्च थोडा कमी लिहिला गेला किंवा वर्षातून काही दिवस स्पिंडल दुरुस्तीला गेला, तरी एवढा फरक पडतो. विक्रीची किंमत १२,००,००० ऐवजी १०,४६,००० आली तरी तेच होते.

म्हणून जुन्या यंत्राचा भाव विक्रेत्याला विचारू नये. जुन्या यंत्रांचा व्यवहार करणाऱ्या दोन-तीन दलालांकडून त्याच मॉडेलचे, त्याच कंट्रोलरचे पाच वर्षे वापरलेले यंत्र आज कितीला जाते हे विचारावे आणि त्यातला सर्वांत कमी भाव धरावा. पुस्तकांतले ५ टक्के अवशिष्ट मूल्य इथे वापरू नका. तो अनुसूचीतला संकेत आहे, बाजारभावाशी त्याचा संबंध नाही.

परतफेडीचा काळ काढायचा तर काढा; आपल्या उदाहरणात तो साडेचार वर्षांच्या आत येतो. पण त्यावर निर्णय घेऊ नका, कारण शेवटच्या वर्षातली मोठी रक्कम आणि पैशाचे कालमूल्य, दोन्ही त्यात दिसत नाहीत. अंतर्गत परतावा दर, म्हणजे ज्या दराला निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते तो, एक्सेल एका सूत्रात देतो आणि बँकेला आवडतो. वेगवेगळ्या आकाराच्या दोन यंत्रांत निवड करायची असेल तर मात्र निव्वळ वर्तमान मूल्यच पाहावे.

## उरलेल्या नोंदी

पहिल्या वर्षी आयकराचा घसारा ४,८०,००० आणि पूर्ण वर्षाचा पुस्तकी घसारा २,०२,६६७, यांतील २,७७,३३३ च्या फरकावर ६९,७९९ रुपयांचे विलंबित कर दायित्व (आज वाचलेला, पण पुढे भरावा लागणारा कर) उभे करावे. पुढे फरक उलटला की ते कमी होत जाते.

यंत्र विकताना पुस्तकांत मात्र नफा किंवा तोटा निघतो, कारण तिथे त्याची ओळ स्वतंत्र आहे. पुस्तकी किंमत काढा, विक्रीची रक्कम जीएसटी वेगळा ठेवून लिहा, फरक नफा-तोटा खात्यात न्या, आणि आयकराची गणना करताना तो फरक तिथून काढून टाका. ही शेवटची दुरुस्ती राहिली तर पुस्तकी नफ्यावर कर भरला जातो आणि त्याच वेळी गटातूनही विक्रीची रक्कम वजा होते.

मूल्यमापनाचा तक्ता नोंदवहीतल्या त्या यंत्राच्या ओळीशी जोडून, क्रमांक तोच देऊन, छापून ठेवा. पहिले वर्ष संपले की जॉबवर्कची प्रत्यक्ष वाचलेली रक्कम, वीजबिलातली वाढ आणि इन्सर्टचा खर्च त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहा. पुढचे यंत्र घेण्याची वेळ येईल तेव्हा ९,००,००० सारखा अंदाज विक्रेत्याच्या फाइलमधून घेऊ नका, या रकान्यातून घ्या.